अंदमानऐवजी इसापूरचं पाणी

दोन हजार पाचच्या जानेवारीत आम्ही अंदमानला जाणार होतो. हिंगोलीतून तिकडं जाऊन आलेलं माझ्या ओळखीत कुणी नव्हतं. त्यामुळं सगळा बेत आखायचं काम माझ्याकडं आलं, आणि मला ते मनापासून आवडतं. मी मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. सहल असो की कबड्डीच्या स्पर्धा, कोण कुठं बसणार, पाणी कुठं भरायचं, कुणाला गाडी लागते, हे सगळं मी वहीत लिहून ठेवते आणि बहुतेक वेळा तसंच घडतं. अंदमानची वही दिवाळीपासून भरत होते. पहिल्या दिवशी नावेनं शेजारच्या बेटावर. दुसऱ्या दिवशी तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे बघायचे. मग जंगलातून चालत दीपगृहापर्यंत, एक मुक्काम किनाऱ्यावर तंबूत, आणि शेवटच्या दिवशी वल्ह्याची होडी आपली आपण चालवायची.

जाणारे आम्ही तिघं. मी, माझे पती विलास आणि त्यांच्या मोठ्या बहीण उषाताई. विलास कृषी सहाय्यक आहेत, मोटारसायकलवरून गावोगावची शेतं फिरतात. उषाताई अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, वसमतला राहतात. वजनानं भारी आणि बोलण्यात त्याहून भारी. घरात मी ह्यांना 'अहो' म्हणते, पण इथं नावानंच लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ नको.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र उसळला. त्सुनामी हा शब्द आमच्या गल्लीत कुणी ऐकलेला नव्हता. दोन दिवसांत तो पानटपरीवर ऐकू यायला लागला. ज्या बेटांवर मी नकाशात बोट फिरवलं होतं, त्यांची चित्रं टीव्हीवर बघवत नव्हती. आमचं निघणं अजून दोन आठवडे पुढं होतं. तिथं माणसं वाहून गेलेली असताना आपली सहल बुडाली म्हणून हळहळायचीही लाज वाटत होती. शाळेच्या मुलींनी कपडे गोळा करून पाठवले. विलास तीन-चार दिवस फारसे बोललेच नाहीत. बातम्या बघून मन खचलं असेल, असं मी समजले.

रजा मात्र मंजूर झाली होती. संक्रांतीला उषाताई आल्या आणि म्हणाल्या, "रजा घेऊन घरात वाटाणे सोलत बसायचं का?"

"समुद्र नाही, पण इसापूरचं धरण आहे की," मी म्हणाले. "नावेऐवजी तराफा. जंगल आहे, डोंगर आहे. तंबूऐवजी धनगरांच्या तळावर राहू."

"आणि पाण्याखालचे मासे?"

"ते ताटात बघू."

ताई हसल्या. विलास म्हणाले, "ठीक आहे, बघू." मी त्याच संध्याकाळी वहीचं नवीन पान काढलं. आपल्याच जिल्ह्यात चार दिवस काय फिरायचं, असं शाळेत दोघीतिघींनी विचारलं. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे, कारण त्या अजूनही तिकडं गेलेल्या नाहीत.

वारंगा फाटा

धरणाकडं खरं तर कळमनुरीहूनच वळायचं असतं. पण तराफ्यासाठी ट्रकच्या ट्यूब हव्या होत्या, म्हणून आम्ही आधी सरळ वारंगा फाट्याला गेलो. तिथं चारी बाजूंचे ट्रक थांबतात आणि पंक्चरवाल्यांची रांगच आहे. त्यातल्या एका दुकानात रफीकभाई नावाचे वयस्कर गृहस्थ बसले होते. मी चार ट्यूब मागितल्या, तर त्यांनी आधी माझ्याकडं आणि मग रिकाम्या रस्त्याकडं बघितलं.

"गाडी किधर हे, बाई?"

"गाडी नाही. पाण्यावर टाकायच्यात. वर बांबू बांधून बसणार."

त्यांनी प्रत्येक ट्यूब पाण्याच्या टाकीत दाबून बुडबुडे येतात का ते बघितलं. त्यांना आमचा उद्योग आवडला असावा, कारण चहा मागवला. ट्यूब बांधून देताना म्हणाले, "हवा कमीच भरना. काला रबर हे, धूप में फूलता. सुबे नरम दिखा तो घबराना नहीं, दोपेर को बराबर हो जाता."

मी मान डोलावली. उषाताईंनी तोवर शेजारच्या गाड्यावरून गरम भजी आणली होती आणि माझं अर्धं लक्ष तिकडं होतं.

तिथून भाड्याची जीप केली. डांबरी रस्ता सुटला तशी दोन्ही बाजूंना करडई फुललेली दिसायला लागली. तुरीची कापणी चालली होती. विलास पुढं बसले होते आणि प्रत्येक शेताची ओळख करून देत होते. ह्याला मर रोग लागला, ह्यानं बी उशिरा पेरलं. धरणाचं पाणी पहिल्यांदा दिसलं तेव्हा मात्र त्यांचं बोलणं मध्येच थांबलं. आम्हीही गप्प झालो होतो, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. टेकड्यांच्या मधून निळसर पाणी आत आत शिरलेलं होतं, आणि काठाच्या उथळ भागात वाळलेली झाडं अजून उभी होती. त्यांच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

ग्यानबामामांचा तळ

ग्यानबामामा विलासच्या ओळखीचे. मेंढरांच्या लसीकरणाच्या वेळी कधीतरी ओळख झालेली. पावसाळा संपला की ते धरणाच्या काठाला येऊन उतरतात, कारण पाणी मागं हटलं की ओल्या जमिनीवर चारा मिळतो. जाळीच्या कुंपणात दीडएकशे मेंढरं, बाजूला ताडपत्रीचं पाल, दोन घोडी आणि चार कुत्री. आमच्याकडं पाहुण्याला आधी पाणी देतात. इथं ग्यानबामामांनी आधी विचारलं, "वाटंनं लांडगा दिसला का?" नाही म्हटल्यावर पाणी आलं.

त्यांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, शेळीच्या दुधाचा चहा केला आणि मग भाकऱ्या थापल्या. हरभऱ्याच्या कोवळ्या पानांची भाजी, ठेचा आणि कच्चा कांदा. उषाताईंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि अंगणवाडीच्या खिचडीला नावं ठेवली.

मी मामांना दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला. समोरच्या काठावर सागाच्या जंगलाची टेकडी दिसत होती. तराफ्यावरून तिथं जायचं, टेकडी चढायची आणि उन्हं कलायच्या आत परत.

"जायचं तर उजाडल्या उजाडल्या जा, बाई," मामा म्हणाले. "धा वाजले की वारं सुटतंय. मंग पानी तुमचं ऐकत न्हाई."

"मामा, मी माहेरी विहिरीत पोहायला शिकलेली आहे."

"व्हय. पर इहिरीत वारं न्हाई शिरत."

हे मी वहीत लिहिलं नाही. सहाला उठायचं, एवढं लिहिलं.

आम्ही सहाला उठलोही. पण बांबूची चौकट बांधायला अंदाजापेक्षा दुप्पट वेळ लागला. गारठ्यानं ट्यूब मऊ पडल्या होत्या. कोपऱ्यातली एक तर फारच लुळी वाटली, तेव्हा मी पायाच्या पंपानं ती चांगली टणक होईपर्यंत भरली आणि मग बाकीच्याही भरल्या. रफीकभाईंचं बोलणं आठवलं होतं. पण मला वाटलं, माणसं बसणार आहेत, थोडी जास्त असलेली बरी. विलास गाठी आवळत होते. एक एक गाठ तीन तीनदा. त्यांना काम आवडलंय, असं वाटून मी खूष होते. प्रत्येकाच्या पाठीला मी तेलाचे पाच लिटरचे रिकामे, झाकण घट्ट लावलेले कॅन बांधले. गावाकडं पोहायला शिकताना बांधतात तसे.

निघेपर्यंत साडेदहा झाले. मामा मेंढरं घेऊन गेले होते.

गोदाबाई म्हणाल्या, "काहून घाई करून राहिल्या? उंद्याच्याला जा की."

"घटकाभराचं तर काम आहे," मी म्हणाले.

पाण्यावर

पहिला अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही, इतका चांगला गेला. फळीला बांबू ठोकून केलेली दोन वल्ही होती. एक माझ्या हातात, एक विलासच्या. उषाताई मध्ये मांडी घालून बसल्या होत्या आणि गळ्यातल्या कॅमेऱ्यानं पाणकावळ्यांचे फोटो काढत होत्या. पाणी स्वच्छ होतं. बुडालेल्या झाडांची खोडं खाली हिरवी हिरवी होत अंधारात गेलेली दिसत होती. विलास खाली बघत नव्हते. ते समोरच्या टेकडीकडं बघून वल्हं मारत होते, फार नेटानं आणि न बोलता.

निम्मं अंतर कापल्यावर वारा आला. आधी पाण्यावर शहारा उठल्यासारखं झालं, मग लाटा. घोट्याएवढ्याच, पण सारख्या. तराफा तिरका व्हायला लागला. मी विलासना जोरात मारायला सांगितलं आणि स्वतःही मारलं. टेकडी जवळ यायची ती बाजूला सरकत चालली. आमच्या डाव्या हाताला पाण्याचा एक लांब फाटा डोंगरात शिरला होता, वारा आम्हाला तिकडं ढकलत होता. मी मनात नवीन बेत केला की वाऱ्याशी भांडायचं नाही, तिकडंच जाऊन लागायचं. तसं सांगायला मी तोंड उघडलं आणि ट्यूब फुटली.

टायर फुटल्यावर होतो तसाच आवाज झाला. उन्हानं तापलेली, मी टणक भरलेली तीच कोपऱ्यातली ट्यूब. तो कोपरा खाली गेला आणि तिथं बसलेले विलास छातीपर्यंत पाण्यात. दोन्ही हातांनी त्यांनी बांबू धरला होता.

"घाबरू नका, पाठीला कॅन आहेत," मी ओरडले. "पाय हलवा. सायकल मारल्यासारखे."

त्यांनी पाय हलवले नाहीत. ओरडलेही नाहीत. डोळे उघडे होते, पण माझ्याकडं नव्हते. मैदानावर मी शिट्टी मारली की शंभर मुली थांबतात. त्याच आवाजात मी पुन्हा हाक मारली, आणि त्यांना ऐकूच गेलं नाही.

"शोभा," उषाताई म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "त्याला हात धर. तो लहानपणी कॅनॉलमध्ये वाहून गेला होता. तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. सतरा वर्षांचा संसार, आणि मला माहीत नव्हतं.

मी पाण्यात उतरले. पाणी हाडापर्यंत गार होतं. त्यांच्या मागं जाऊन एक हात त्यांच्या काखेतून घातला आणि दुसऱ्यानं बांबू धरला. त्यांची पाठ लाकडासारखी झाली होती. मी कानाजवळ बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही. बहुधा घरातलंच काहीतरी, गॅसची टाकी बदलायची आहे, असलं. मग ताईंना म्हणाले, "ताई, तुम्ही सरकत सरकत पलीकडच्या कोपऱ्यावर जा. अगदी टोकाला."

"मी गेले तर तो कोपरा बुडेल."

"बुडणार नाही, त्याची ट्यूब चांगली आहे. तुम्ही तिकडं बसलात की हा वर येईल."

ताई गेल्या. भीतीनं पांढऱ्या झाल्या होत्या, पण गेल्या. फुटलेला कोपरा हळूहळू वर आला. मी म्हणाले, "अहो, आता गुडघा वर ठेवा." ह्या वेळी त्यांनी ऐकलं. एक गुडघा, मग पोट, मग ते आडवे चौकटीवर पडले आणि बांबूला गाल लावून राहिले. मी पाण्यातच राहिले, मागून चौकट धरून पाय मारत. वारा ढकलत होता, मी दिशा तेवढी सांभाळत होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी पोहण्यात पक्की आहे आणि आपण बुडू असं मला वाटलं नाही. पण हे सगळं मी घडवून आणलंय, एवढं प्रत्येक वेळी पाय मारताना कळत होतं.

काठावर ओल्या जमिनीत लावलेल्या हरभऱ्यात एक बाई भाजी खुडत होती. तिनं आम्हाला बघितलं, पदर खोचला आणि शेजारी चरणाऱ्या बैलाचा कासरा सोडून ती कंबरभर पाण्यात आली. पहिल्या फेकीला दोर कमी पडला. दुसऱ्या वेळी ताईंनी तो झेलला.

तांडा

त्या बाईचं नाव सोनाबाई. वय साठीच्या आसपास, हातात कोपरापर्यंत पांढरे चुडे. तिनं एकटीनं आम्हाला ओढून काढलं आणि मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "कुठले म्हनायचे तुमी?"

"हिंगोलीचे."

"हिंगोलीत पानी न्हाई का?"

तिचा तांडा वर चढावर होता, वीस-पंचवीस घरांचा. तिच्या आज्याच्या वेळेपर्यंत हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, आता कापूस आणि तूर पिकवतात. अंगणात तुराट्यांचा जाळ केला. विलासना सोनाबाईच्या नवऱ्याचं धोतर आणि घोंगडी मिळाली. मला आणि ताईंना तिनं पेटीतले घागरे काढून दिले. तिच्या तरुणपणचे, आरसे लावलेले. मला तो घोट्याच्या वर आला, ताईंना नाडी पुरेना. तांड्यातल्या बायका बघायला जमल्या आणि आपसात त्यांच्या बोलीत काहीतरी बोलून हसल्या. आमच्याकडं आरशांचं वस्त्र म्हणजे गॅदरिंगचा पोशाख. इथं ते अंगावर चढवल्यावर त्याचं वजन कळलं. असा घागरा नेसून ह्या बायका डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरायच्या.

सोनाबाईचा दीर कळमनुरीच्या बाजाराला निघाला होता. वाटेत ग्यानबामामांच्या तळावर निरोप द्यायला तिनं त्याला सांगितलं. मग तव्यावर जाड भाकरी टाकली. तिला ते बाटी म्हणतात. सोबत आमच्यासाठीच खुडल्यासारखी ती हरभऱ्याची भाजी. ताईंचा कॅमेरा पाण्यानं भरला होता; तो त्यांनी जाळाजवळ उपडा ठेवला.

दुपारी ताई आत जाऊन झोपल्या. मी आणि विलास जाळापाशी बसलो होतो. त्यांच्या चेहऱ्यावर आता रंग आला होता.

"मला का सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

"तरी."

ते काडीनं राख सारत राहिले. मग म्हणाले, "हट्ट्याला मामाच्या गावी गेलो होतो. आठ-नऊ वर्षांचा असेन. कॅनॉलच्या कडेला पाय घसरला. दोन पूल खाली एक बाई कपडे धूत होती, तिच्या लुगड्याला अडकलो. जिवंत निघालो म्हणून घरात ती गंमतच झाली. कोण आलं की सांगायचे, आमचा विलास हट्ट्याहून बिनतिकिटाचा निघाला होता. सगळे हसायचे. मीपण हसायचो. मग कुणाला सांगावंसं वाटेना."

"आणि मी अंदमानची वही भरत होते तेव्हा?"

"तुझा उत्साह बघून म्हटलं, जमवू. तिथं गेल्यावर बघू." त्यांनी काडी जाळात टाकली. "शोभा, ती लाट आली आणि जाणं रद्द झालं ना, तेव्हा मला हलकं वाटलं. एवढी माणसं गेली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते कुणाला सांगायचं? चार दिवस मला तोंड वर करावंसं वाटेना."

कुणाला गाडी लागते हे मी दरवर्षी न चुकता विचारते. माझ्याच घरातल्या माणसाला पाण्याचं काय वाटतं, हे विचारायचं सुचलं नव्हतं. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "मी विचारू दिलंच नसतं. ठीक आहे म्हणून मोकळा झालो असतो." थोड्या वेळानं त्यांनी माझ्या घागऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हा तुला बरा दिसतो." मग आम्ही दोघंही हसलो, आणि आत ताई जाग्या झाल्या.

डोंगरवाट

दुसऱ्या दिवशी पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. ट्यूबमधली हवा सोडून त्या गुंडाळल्या, बांबू सोनाबाईला दिले. डोंगरावरून मामांच्या तळावर जायला अर्धा दिवस लागतो, असं ती म्हणाली. वाट तिनं हातवारे करून सांगितली. मी वही काढली. ती भिजून पानं एकमेकांना चिकटली होती.

"राहू दे," विलास म्हणाले. "मला कळली वाट."

त्यांना खरंच कळली होती. आजवर आम्ही कुठंही गेलो तर पुढं मी आणि मागं ते. त्या दिवशी मी त्यांच्या मागून चालले आणि मला कळलं की हा माणूस रोज असाच फिरतो. कुठली पायवाट माणसांची आणि कुठली गुरांची, ते त्यांना लांबून दिसायचं. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. चढावर ताईंच्या चपलेचा अंगठा तुटला. विलासनी रुमालाची पट्टी फाडून तो असा बांधला की ताई घरी पोचेपर्यंत त्याच चपलेवर चालल्या.

माथ्यावर पोचलो तेव्हा त्यांनी हात मागं करून आम्हाला थांबवलं. समोरच्या उतारावर रोही, म्हणजे नीलगाई, होत्या. सात की आठ. मधला नर निळसर काळा, घोड्याएवढा. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे जनावर म्हणजे पिकाचा कर्दनकाळ, आणि विलासच्या कचेरीत त्याच्या तक्रारींचा ढीग असतो. पण ते इतका वेळ त्याच्याकडं बघत उभे राहिले की शेवटी ताईंनीच खोकून कळप पळवला. खाली दोन्ही बाजूंना धरणाचं पाणी दिसत होतं. आम्ही कुठून निघालो, कुठं वाहवत गेलो, सगळं एका नजरेत मावत होतं. विलासनी ते नीट बघून घेतलं.

"फार लांब नव्हतो काठापासून," ते म्हणाले.

"नव्हतो," मी म्हणाले.

ताई दगडावर बसून सोनाबाईनं बांधून दिलेला हुरडा खात होत्या. त्यांनी आम्हालाही मूठभर दिला.

मेंढरांची आंघोळ

ग्यानबामामा रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "वारं ऐकलं न्हाई ना?"

"नाही ऐकलं, मामा. माझं चुकलं."

"ऱ्हाऊ द्या. जित्ती आलीत."

परत निघायच्या दिवशी तळावर गडबड होती. लोकर कातरायची होती, आणि कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, नाहीतर मातीनं कातरीची धार जाते. उन्हं चढल्यावर मेंढरं पाण्यावर नेली. मामा, त्यांचे दोन भाऊ आणि एक जावई असे चौघं कंबरभर पाण्यात ओळीनं उभे राहणार. काठावरून मेंढरू लोटायचं, पहिल्यानं चोळायचं, दुसऱ्याकडं सरकवायचं, आणि शेवटच्यानं ते पलीकडच्या रेतीवर चढवायचं. पण जावई आलाच नव्हता. मामांनी भावांना थोडं पांगून उभं राहायला सांगितलं, तरी मधल्या जागेतून मेंढरं निसटायला लागली. भिजल्या लोकरीचं जनावर जड होतं आणि खोल पाण्याकडं गेलं तर दमून बुडतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दोन मेंढरं मामांनी कशीबशी पाय धरून परत ओढली.

आमची जीप यायला तास होता. मी पाण्यात उतरायला ओचा खोचत होते, तेवढ्यात विलासनी शर्ट काढून माझ्या हातात दिला.

"तू थांब," ते म्हणाले. "मला मेंढरं धरता येतात."

ते पाण्यात गेले. घोटा, गुडघा, मांडी. मांडीपर्यंत गेल्यावर थांबले. त्यांच्या पाठीच्या हाडांत तो कडकपणा मला दिसला, परवा हाताला लागलेला. उषाताईंनी माझं मनगट धरलं. मी हाक मारणार होते. पण तेवढ्यात मामांनी मागं न बघता म्हटलं, "साहेब, या हितं. ह्या दगडापाशी हुबं ऱ्हावा, खाली टणक हाय," आणि एक मेंढरू त्यांच्या अंगावर लोटलं. विलासनी ते धरलं. मेंढरू लाथा झाडत होतं, पाणी त्यांच्या तोंडावर उडत होतं. त्यांनी मान फिरवली, डोळे मिटले, उघडले, आणि दोन्ही हातांनी पाठ चोळायला लागले. मग पुढं सरकवलं. मग दुसरं आलं.

पंधरा-वीस मेंढरांनंतर ते मामांशी बोलायला लागले होते. कुठल्यातरी मेंढीच्या खुराला जखम होती, तिच्यावर काय लावायचं ते सांगत होते. एक दांडगा मेंढा मधूनच सुटला आणि खोलाकडं निघाला. विलासनी दगड सोडून दोन पावलं त्याच्या मागं टाकली. पाणी छातीला लागलं. त्यांनी शिंग धरून त्याला वळवलं आणि तिथूनच मामांकडं दिलं.

ताईंनी माझं मनगट सोडलं होतं. गोदाबाई कळपातून एक एक मेंढरू आणून देत होत्या, त्यांचे हात भरून आले होते.

"बाई, हे घ्या की जरा," त्या म्हणाल्या.

विलासचा शर्ट मी ताईंकडं दिला, चपला काढल्या आणि मेंढरू पोटाशी धरून पाण्यापर्यंत नेलं. ते थरथरत होतं.

"येऊ दे," विलास पाण्यातून म्हणाले. मी ते त्यांच्याकडं लोटलं आणि पुढचं आणायला वळले.